चहा झाला का?

मी संध्याकाळी शिकवण्या घेते. नोकरीसाठी पुण्यात आलेल्या अमराठी मंडळींना बोलण्यापुरतं मराठी शिकवते. गेल्या पावसाळ्यात त्यातला एक जण पडलेल्या चेहऱ्याने आला. मूळचा मदुराईचा, नोकरी हिंजवडीत, राहायला कर्वेनगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटाच. सकाळी जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "काय, चहा झाला का?" याने मी शिकवल्याप्रमाणे पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, "नाही काकू, मी अजून केला नाही. तुम्हाला किती कप पाहिजे?"

काकू हसत हसत खाली गेल्या, आणि आपलं व्याकरण कुठे चुकलं ते त्याला कळेना. व्याकरण कुठेच चुकलं नव्हतं. "चहा झाला का?" हे स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं तर त्याचा अर्थ "तयार झाला का?" माणसाकडे तोंड करून विचारलं तर "पिऊन झाला का?" आणि सकाळी जिन्यात, हातात दुधाची पिशवी घेऊन विचारलं तर यातलं काहीच नाही. तो नमस्कार असतो. त्यावर "हो, आत्ताच. तुमचा?" एवढं म्हणायचं आणि आपल्या वाटेने जायचं. चहा झालेला नसला तरी.

तो म्हणाला, "मॅडम, चहाचे सगळे अर्थ एकदाच सांगून टाका." मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. तीन तास गेले, म्हणजे तीन शिकवण्या. त्या तीन दिवसांत जे बोललो ते थोडं नीट लावून इथे लिहिते आहे.

सुरुवात झाडापासून, कारण तो भाग सर्वांत सरळ आहे. खरा चहा एकाच झुडपाचा. शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. त्याच्या दोन मुख्य जाती: बारीक पानाची चिनी आणि मोठ्या पानाची आसामी. मोकळं सोडलं तर त्याचं चांगलं झाड होतं. मळ्यात ते कमरेएवढं छाटून ठेवतात, म्हणजे उभ्या उभ्या पानं खुडता येतात. ग्रीन टी, ब्लॅक टी, ऊलाँग, व्हाइट टी ही वेगवेगळी झाडं नव्हेत. फरक पान खुडल्यानंतर पडतो. वांगं चिरून तसंच ठेवलं की दहा मिनिटांत काळं पडतं ना, तेच इथे होतं. पान चुरगळलं की त्यातला रस हवेला लागतो आणि रंग, वास, चव बदलायला लागते. पान लगेच वाफवलं किंवा कढईत परतलं तर ही क्रिया थांबते आणि पान हिरवं राहतं. पूर्ण होऊ दिली तर काळं होतं. अर्ध्यावर थांबवली की ऊलाँग. आपण चिरलेलं वांगं पाण्यात टाकतो, चहावाले पानाला आच देतात, एवढाच फरक.

पहिला घोटाळा इथेच होतो. ऑफिसातला डाएटवाला सहकारी "मी ब्लॅक टी घेतो" म्हणतो तेव्हा त्याला बिनदुधाचा चहा म्हणायचं असतं. त्याला मराठीत फार सुंदर शब्द आहे, कोरा चहा. कोरा कागद, कोरं कापड, तसा कोरा चहा. पण चहाच्या व्यापारात ब्लॅक टी म्हणजे पूर्ण काळं पडू दिलेलं पान. मग त्यात तुम्ही दूध घाला, आलं घाला, नाहीतर अर्धा किलो साखर घाला. म्हणजे अमृततुल्यातला दुधाळ चहासुद्धा ब्लॅक टीच. हाच प्रकार चिनी माणूस 'लाल चहा' म्हणून ओळखतो, कारण तो पानाकडे न बघता पेल्यातल्या रंगाकडे बघतो. चिनी भाषेत 'काळा चहा' म्हटलं तर वेगळाच, मुरवलेला प्रकार पुढे येतो. एकाच पेयाला कोणी काळं म्हणतो, कोणी लाल, आणि आपण वर दूध ओतून ते बदामी करून टाकतो.

दुसरा घोटाळा माझ्या विद्यार्थ्याने स्वतः करून दाखवला. मंडईत त्याने 'गवती चहा' ऐकला आणि दहा रुपयांची जुडी घेऊन आला. भाजीवाल्या मावशींनी आल्याचा तुकडा वर टाकला, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. घरी पानं कापून नुसत्या पाण्यात उकळली, दोन कप प्यायला आणि रात्री मला मेसेज: "वास फार छान आहे, पण झोप येते आहे." येणारच. गवती चहात चहा नाही. ते नावाप्रमाणे गवत आहे, ज्याला इंग्रजीत लेमनग्रास म्हणतात. त्यात कॅफीन नसतं. मराठीने त्याला चहाचं नाव दिलं ते चहात पडतं म्हणून. लग्न होऊन घरात आली आणि आडनाव मिळालं, तसलाच प्रकार. कॅमोमाइलचा चहा, जास्वंदीचा चहा, तुळशीचा चहा, दक्षिण आफ्रिकेचा रूइबॉस, सगळे याच घरातले: पाण्यात काहीतरी घातलं, गरम केलं आणि त्याला चहा म्हटलं. गच्चीवर बाग करणारी मंडळी तर खत पाण्यात भिजवून गाळतात आणि त्या पाण्याला 'कंपोस्ट टी' म्हणतात. पाहुण्यांसमोर बोलताना जपून.

खरं तर या सगळ्यासाठी आपल्याकडे फार काटेकोर शब्द होते. आयुर्वेदात वनस्पतीचा अंश काढून घ्यायच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. पिळून काढलेला रस तो स्वरस, वाटून केलेला गोळा तो कल्क. उरलेल्या तिघांचा मामला पाण्याशी आहे. पाण्यात उकळून आटवलं तर क्वाथ, म्हणजे आपला काढा. गार पाण्यात रात्रभर भिजवलं तर हिम. आणि वरून उकळतं पाणी ओतून, थोडं झाकून गाळलं तर फांट. आता बघा, साहेबाचा किटलीतला चहा म्हणजे चोख फांट. आपला पातेल्यातला चहा म्हणजे काढा. दोन्हीला एकच नाव पडलं आणि त्यातूनच चहा 'योग्य' कसा करायचा यावरची निम्मी भांडणं जन्माला आली. एक जण फांटाचे नियम सांगतो, दुसरा काढा करत असतो.

फांटवाल्यांनी तर लेखी नियमच करून ठेवला आहे. चहाची चव तपासणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. दर शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, वर उकळतं पाणी, सहा मिनिटं झाकण. याच विषयावरच्या ब्रिटिश मानकाला १९९९ साली गमतीचं इग नोबेल मिळालं, तेही साहित्याचं. कप कसा भरायचा यावर सहा पानं लिहिणाऱ्याला साहित्यिक म्हणायला माझी हरकत नाही.

काढ्याची बाजूही घ्यायला हवी. आपल्याकडे घरोघरी येते ती दाणेदार पत्ती, सीटीसी. पान यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेले बारीक गोळे. हे यंत्र १९३०च्या सुमारास आसामात आलं. हे दाणे भराभर रंग सोडतात, कडक उतरतात, आणि दूध-साखर-आलं पोटात घेऊनही चहाची चव उरते. दार्जिलिंगचं नाजूक अख्खं पान असं दुधात उकळलं तर पैसे पाण्यात, किंवा दुधात म्हणा. गुळाच्या चहातही असंच एक गुपित आहे. गुळात थोडा आंबटपणा असतो, तो उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं. म्हणून गॅस बंद करून, जरा थांबून मग गूळ घालायचा. हे मी दोन पातेली नासवून शिकले.

आता शब्दाचा प्रवास. माझ्या विद्यार्थ्याला यात सर्वांत जास्त रस होता, कारण त्याच्या भाषेत चहाला 'तेनीर' म्हणतात. 'ते' म्हणजे चहा, 'नीर' म्हणजे पाणी. एका देशात एका टोकाला 'चा, चाय, चहा' आणि दुसऱ्या टोकाला 'ते', हे कसं? दोन्ही शब्द चीनचेच आहेत, आणि चिनी लिपीत ते एकाच अक्षराने लिहितात. अक्षर एक, उच्चार प्रांतागणिक वेगळा. उत्तरेत आणि दक्षिणेत कँटन बंदराकडे 'चा'. फूजियान प्रांताच्या किनाऱ्यावर 'ते'. चहा कोणाकडून घेतला, त्यावर तुमचा शब्द ठरला. खुष्कीच्या मार्गाने व्यापार करणाऱ्यांनी 'चा' उचलला. फारसीत त्याला शेवटी 'य' चिकटला आणि 'चाय' झाला. तोच हिंदीत, रशियनमध्ये, तुर्कीत. अरबीत 'च' नाही म्हणून तिथे 'शाय'. समुद्रावरून डच लोक फूजियानच्या व्यापाऱ्यांशी सौदे करत, त्यांनी 'ते' नेला. तिथून इंग्रजी टी, फ्रेंच ते, जर्मन टे. श्रीलंकेत सिंहलीतही 'ते', आणि पाल्कची सामुद्रधुनी ओलांडली की तमिळ 'तेनीर'.

समुद्रावरून येऊनही 'चा'वाले राहिले ते पोर्तुगीज. त्यांचं ठाणं मकावला, तिथला उच्चार 'चा', म्हणून लिस्बनमध्ये आजही चहाला 'शा' म्हणतात. याच पोर्तुगीजांची राजकन्या कॅथरीन १६६२ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. तिच्या हुंड्यात मुंबई बेट होतं हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. तिने सासरी जाताना चहाची सवयही नेली आणि इंग्लंडच्या दरबारात चहाची टूम निघाली, हे मात्र कोणी शिकवत नाही. एका लग्नात मुंबई आणि चहा दोन्ही इंग्रजांकडे गेले, आणि पुढे दोन्ही आपल्यालाच परत घ्यावे लागले.

मराठीचा 'चहा' अर्थातच 'चा'वाल्यांतला. गुजराती आणि बंगाली माणूस 'चा'वर थांबतो, गावाकडे 'च्या' होतो, शहरात मध्ये एक 'हा' सोडायची जागा मिळते. हिंदीत चाय बाई आहे, मराठीत चहा बुवा आहे: तो चहा, कडक चहा, थंड झालेला चहा. पुण्यात वाढलेली हिंदीभाषक मुलं "मेरा चाय" म्हणतात ते यामुळेच. या दोन घराण्यांबाहेरची उदाहरणं थोडी. पोलिश भाषेत 'हेर्बाता', म्हणजे वनौषधी आणि 'ते' यांची सरमिसळ. ब्रह्मदेशात तिसराच शब्द आहे. तिथे चहाचं पान आंबवून, तेल-लसूण घालून चक्क कोशिंबिरीसारखं खातात. बंगालीतही चहा 'खातात', पण तिथे खाणं फक्त क्रियापदात.

क्रियापदावरून आठवलं. मला विचाराल तर मराठी चहाचा खरा अर्थ नामात नाहीच, क्रियापदात आहे. आम्ही फळ्यावर मधोमध 'चहा' लिहिलं आणि पुढे क्रियापदं जोडत गेलो.

चहा टाक. हे घरातलं. समोरच्यावर हक्क असल्याशिवाय हे म्हणता येत नाही. पाहुणा "चहा टाका" म्हणाला तर तो एक तर सख्खा मित्र तरी असतो, नाहीतर जावई. चहा ठेवलाय, म्हणजे आधण गॅसवर चढलं आहे आणि आता तुम्ही निघू शकत नाही. नाही म्हणायची संधी गेली. चहा घेणार? हे पाहुण्याला. इथे 'घेणार' हा शब्द फार नाजूक आहे. "चहा घेणार का?" असं 'का' लावून, उभ्यानेच विचारलं, तर नको म्हणायची सोय करून दिलेली असते. "चहा घेऊनच जा" म्हटलं तर नको म्हटलेलं चालत नाही. पितोस का? हे बरोबरीच्याला. चहा सांगू? हे दुकानात किंवा ऑफिसात, कारण तिथे चहा करणारा दुसरा असतो आणि आपण नुसतं सांगायचं. चहा मारू या, हे कॉलेजातलं. यात चहापेक्षा तासाला दांडी मारणं महत्त्वाचं. चहा पाज, म्हणजे तुझं काहीतरी चांगलं झालं आहे, खिशात हात घाल. आणि चहाला या. हे सर्वांत अवघड. "एकदा चहाला या" यात वार नसतो, वेळ नसते. वार सांगितला तर ते आमंत्रण, नाही सांगितला तर तो निरोप. माझ्या विद्यार्थ्याने विचारलं, "मग ज्यांना खरंच यायचंय त्यांनी काय करायचं?" मी म्हटलं, वार विचारायचा. विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून पुढचं ठरवायचं.

चहा वेळ मोजायलाही चालतो. "साहेबांची वाट बघत दोन चहा झाले" म्हणजे तासभर तरी गेला. "चहापर्यंत ये" म्हणजे चारच्या सुमाराला. क्रिकेटच्या मराठी धावत्या वर्णनात "चहापानाला ३ बाद १८०" म्हटलं की ऐकणाऱ्याला घड्याळ बघावं लागत नाही, उरलेल्या षटकांचा हिशोब तो मनातच करतो. कसोटीतली ही सुट्टी वीस मिनिटांची. तेवढ्यात एक चहा होतो, दोन व्हायचे नाहीत.

'चहा सांगणं' शिकवायला मी त्याला पेठेतल्या एका अमृततुल्यात घेऊन गेले. अमृततुल्य हा खास पुण्याचा शब्द. संस्कृतात 'अमृतासमान' एवढाच त्याचा अर्थ, पण पुण्यात तो दुकानाचा प्रकार आहे, जसं किराणा किंवा सलून. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी ही दुकानं इथे रुजवली. म्हणून जुन्या पाट्यांवर देवीदेवतांची नावं आणि खाली 'अमृततुल्य'. दारातच ओटा, त्यावर घासून लख्ख केलेलं पितळी पातेलं, शेजारी खलबत्ता. आमच्या समोर त्या माणसाने आलं आणि वेलदोडे खलात टाकून चार ठोके दिले, दुधाच्या चहात ते ढकलले, पळीने चहा वर उचलून धार सोडली, परत उचलला, परत सोडला. मग फडक्यातून किटलीत गाळला. फडकं पिळताना चोथ्याचा गोळा झाला, तो त्याने न बघता मागच्या डब्यात टाकला. सगळा वेळ तो गिऱ्हाइकाशी पाऊस आणि पालिका यावर बोलत होता. बाहेर फळकुटावर बसून दोन म्हातारे बशीत ओतून फुरके मारत होते.

विद्यार्थ्याने विचारलं, हे हॉटेल की टपरी? मी म्हटलं, दोन्ही नाही. टपरी म्हणजे रस्त्याकडेचा खोका, तिथे उभ्यानेच प्यायचा. हॉटेल म्हणजे मराठीत राहायची जागा असेलच असं नाही, मिसळ आणि चहा मिळाला की पत्र्याच्या शेडलाही हॉटेल म्हणतात. कॅम्पातला इराणी हा आणखी वेगळा. तिथे चहाबरोबर बनमस्का हवा आणि बसायला वेळ हवा. मुंबईकर 'कटिंग' म्हणतो, म्हणजे अर्धा ग्लास. आता पुण्यातही तो शब्द रुळला आहे, पण जुन्या अमृततुल्यात कटिंग मागितलं की गल्ल्यावरचा माणूस एकदा वर बघतो. अलीकडे चौकाचौकात एकसारख्या पाट्यांची, एकसारख्या चवीची साखळी दुकानं झाली आहेत आणि त्यांच्याही पाटीवर 'अमृततुल्य' असतं. चहा वाईट नसतो. खलबत्त्याचा आवाज तेवढा येत नाही.

या शब्दाला एक काळी बाजूही आहे आणि तीही पुण्यातच नीट दिसते. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. नंतर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी प्याले, कोणी कप नुसता हातात घेऊन बाजूला ठेवला. हा बेत घडवून आणण्यात गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. उपस्थितांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि शहरात आग लागली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य म्हणजे जातबहिष्काराचा वाद झाला, चौकशी बसली, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. वर्षानुवर्षं हा घोळ चालला. इथे 'चहा' या शब्दाचा पान, पाणी, दूध यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. चहा म्हणजे कोणाच्या हातचा, एवढाच प्रश्न होता. हे सगळं संपलं असं कोणी म्हणू नये. कामवाल्या मावशींसाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवणारी घरं मी आजही बघते, आणि तिथेही "चहा घ्या हं" अगदी गोड आवाजात म्हणतात.

चहापानाचं राजकारण तर अजून तसंच आहे, फक्त प्रायश्चित्त बंद झालं. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहापानाला बोलावतात आणि विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात. कोणाचंही सरकार असो, मथळा तोच. 'चहापान' या शब्दाला हल्ली 'बहिष्कार' हा जोडशब्दच आहे की काय असं वाटतं. आणि चहापाणी? लग्नात विचारलं, "पाहुण्यांचं चहापाणी झालं का?" तर तो पाहुणचार. खिडकीमागचा माणूस फाइल बाजूला सरकवून म्हणाला, "चहापाण्याचं बघा काहीतरी", तर ती लाच. शब्द तोच, फक्त बोलणाऱ्याची नजर कुठे आहे ते बघायचं. यात मराठी एकटी नाही. रशियन भाषेत बक्षिसीला जो शब्द आहे तो चहावरूनच आलेला, आणि पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणारा पोलीस 'चाय' मागतो तेव्हा त्याला तहान लागलेली नसते.

आता चहाचे तोतये. चहाडी, चहाडखोर, चहाटळ यांचा चहाशी संबंध नाही, जरी चहाड्या चहाबरोबरच जास्त रंगत असल्या तरी. टीशर्ट आणि टी-ट्वेन्टी यांतला टी हे नुसतं इंग्रजी अक्षर. पण सगळ्यात पोहोचलेला तोतया तुमच्या दिवाणखान्यात उभा आहे, तो म्हणजे टीपॉय. चहाचे कप ठेवतो म्हणून टीपॉय, असं मीही चाळिशीपर्यंत समजत होते. मूळ शब्द आपली तिपाई, तीन पायांची, मराठीतली तिवई. साहेबाने ती ऐकली, चहा ठेवायला वापरली, आणि स्पेलिंगमध्ये 'टी' घुसवला. मग आपण तो इंग्रजी शब्द म्हणून परत घेतला आणि चार पायांच्या टेबलाला दिला. आता घरात तिवईही नाही आणि तिसरा पाय कुठे गेला ते कोणी विचारतही नाही.

उलटही झालं आहे. 'पेल्यातलं वादळ' हे मराठी वर्तमानपत्रांचं लाडकं. मूळ इंग्रजीत ते चहाच्या कपातलं वादळ. मराठीत येताना चहा सांडला आणि पेला उरला. मॉलमधल्या कॅफेत 'चाय टी लाते' मिळतो, म्हणजे 'चहा चहा दूध'. हसायचं असेल तर हसा, पण आपणही 'पावब्रेड' म्हणतो आणि पाव हा पोर्तुगीजांचा ब्रेडच आहे. 'हाय टी'चंही तसंच. इंग्लंडात तो कामगारांचा संध्याकाळचा पोटभर जेवणवजा चहा, उंच टेबलावर बसून घ्यायचा. उमरावांचा नाजूक चहा तो दुपारचा, वेगळा. आपल्या हॉटेलांनी 'हाय' म्हणजे उच्च असं धरलं आणि तीन मजली ताटलीत सँडविच मांडले. आणि कॉलेजची मुलं "काय टी आहे, सांग ना" म्हणतात तेव्हा त्यांना आतली बातमी हवी असते. हा अर्थ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ड्रॅग कलाकारांच्या बोलीतून आला आणि मोबाइलवरून पुण्यात पोचला. आमच्या पिढीला तो वेगळा शिकावा लागला नाही. बातमी आणि चहा एकाच वेळी येणार हे आम्हाला सोसायटीच्या बाकावरच कळलं होतं.

तिसऱ्या शिकवणीच्या शेवटी मी त्याला गृहपाठ दिला: 'चहा' वापरून दहा वाक्यं. नऊ वाक्यांत काही ना काही होतं. 'चहा टाकला' याऐवजी 'चहा फेकला', एके ठिकाणी 'ती चहा', एके ठिकाणी साहेबांना 'चहा मारा' असं सुचवलेलं. मी लाल पेनाने खुणा करत गेले. दहावं वाक्य असं होतं: "रविवारी काकूंकडे चहाला गेलो होतो. कॉफी छान झाली होती."

पेन तिथवर आलं आणि थांबलं. मी पुढे बरोबरची खूण केली.